बंद जनुक आणि सिकलसेल

(गुरुकुंज मोझरी येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली इथे आश्रम उभारला, आणि पुढे ग्रामगीतेत गावाच्या आरोग्याचाही विचार मांडला. त्याच भूमीवर आज विदर्भातल्या कितीतरी घरांना छळणाऱ्या सिकलसेलविषयी बोलायचं आहे.

सिकलसेलचं बाळ जन्मतः ठणठणीत दिसतं. काही महिन्यांनी हातपाय सुजतात, अंग दुखतं, रक्त कमी होतं. दोष तर गर्भापासूनच होता. मग इतके दिवस बाळाला राखलं कोणी? गर्भातल्या हिमोग्लोबिननं. ते गॅमा ग्लोबिनपासून बनतं, आणि सिकलसेलचा दोष असतो बीटा ग्लोबिनच्या जनुकात. जन्मानंतर हळूहळू गॅमा बंद पडतं, बीटा जोर धरतं आणि आजार उघड होतो. पण गॅमाचं जनुक नाहीसं होत नाही. ते जन्मभर शाबूत असतं, फक्त मिटलेलं.

जनुक मिटतं कसं? एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरेल. चातीवर सूत गुंडाळावं तसा तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. आठ हिस्टोनांच्या प्रत्येक गोळ्याभोवती सुमारे १४७ बेस-जोड्यांचा डीएनए. या साऱ्या रचनेला क्रोमॅटिन म्हणतात. डीएनएवर ऋण भार, हिस्टोनांवर धन, म्हणून पकड घट्ट. हिस्टोनांच्या शेपटांवर ॲसिटिल गट बसले की धन भार घटतो, पकड सैल होते आणि जनुक वाचलं जातं. ते गट काढले की जनुक पुन्हा मिटतं. ॲसिटिल गटांचा हा संबंध व्हिन्सेंट ऑल्फ्री यांनी १९६४ साली मांडला.

गॅमा मिटवण्यात बीसीएल११ए या प्रथिनाचा मोठा हात आहे, हे २००८ साली स्पष्ट झालं. ॲसिटिल गट काढणारी विकरं ते गॅमाच्या जनुकापाशी आणतं. हे कळल्यावर उपचाराची दिशा सापडली. रुग्णाच्याच रक्त घडवणाऱ्या मूळपेशींत बीसीएल११ए दुबळं करणाऱ्या उपचाराला २०२३ साली ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे २२ लाख डॉलर आहे. आपल्या मेळघाटातल्या माणसाच्या आवाक्यात तो येईपर्यंत हे विज्ञान अपुरंच.

पण तोवर हात बांधून बसायचं कारण नाही. हायड्रॉक्सियुरिया ही गोळी गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवते आणि वेदनेचे झटके कमी करते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घ्यायची. आईवडील दोघेही वाहक असले, म्हणजे दोघांकडेही सदोष जनुकाची एकेक प्रत असली, तर दर गर्भारपणी बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक माणूस साधारणतः निरोगीच असतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

म्हणून विनंती एवढीच: सोयरीक जुळवताना पत्रिकेआधी मुलामुलींची सिकलसेल तपासणी करून घ्या, आणि ज्या घरात रुग्ण आहे त्या घराच्या पाठीशी गावानं उभं राहावं.