पिसू : अंगावरची आणि जमिनीवरची

पिसू हा पंख नसलेला, रक्तावर जगणारा कीटक. जगात पिसवांच्या सुमारे २,५०० जाती आहेत. त्यांतल्या बहुतेक सस्तन प्राण्यांवर, तर थोड्या पक्ष्यांवर राहतात. शरीर जेमतेम दीड ते तीन मिलिमीटर लांब आणि दोन्ही कुशींनी चपटे असल्यामुळे ती दाट केसांतून सुळकन सरकते. अंगावरचे राठ केस मागे वळलेले, म्हणून ती ओढून निघत नाही. कवच इतके चिवट, की चिमटीत धरून ती मरत नाही. दोन नखांत चिरडावी लागते. तिची उडी सुमारे १८ सेंटिमीटर उंच जाते. एवढा झटका नुसत्या स्नायूंना जमणारा नाही. मागच्या पायांच्या मुळाशी रेझिलिन नावाचे रबरासारखे प्रथिन असते. ते आधी दाबले जाते आणि एकदम मोकळे होते.

ऊ आणि पिसू यांची गल्लत नेहमी होते, पण त्यांचा संसार अगदी वेगळा आहे. ऊ आपली लीख केसाला चिकटवते, तिचा सारा जन्म डोक्यातच जातो. पिसवेची अंडी गुळगुळीत असल्यामुळे ती प्राण्याच्या अंगावरून गळतात आणि अंथरुणात, गोठ्यातल्या धुळीत, फरशीच्या फटीत पडतात. मांजरावरची पिसू दिवसाला चाळीसच्या आसपास अंडी घालू शकते. अळी चावत नाही. ती उजेड टाळून कचऱ्यात राहते आणि मोठ्या पिसवांच्या विष्ठेतले वाळलेले रक्त खाते. पुढे ती रेशमी कोश विणते, त्याला धूळ चिकटते आणि तो दिसेनासा होतो. कोशातली पिसू अनेक आठवडे, कधी कित्येक महिने वाट पाहते. पावलांचा हादरा किंवा अंगाची ऊब जाणवली, की ती बाहेर येते. बंद घर उघडताच पायांना पिसवा चावू लागतात, त्या अशा. घरातल्या पिसवांपैकी जनावराच्या अंगावर असतो तो थोडासाच हिस्सा, आणि उपाय मात्र बहुधा तेवढ्यावरच होतो.

माणसाची म्हणून ओळखली जाणारी पिसू डुकरावर आणि कुत्र्यावरही जगते. मांजराची पिसू कुत्र्यावरही सर्रास सापडते. त्या पिसवेबरोबर पट्टकृमीची अळी गिळली गेली, तर तो कृमी कुत्र्या-मांजरांना होतो आणि कधी लहान मुलांनाही.

महाराष्ट्राच्या इतिहासात मात्र उंदरावरच्या पिसवेइतके दुःख दुसऱ्या कुठल्या कीटकाने क्वचितच दिले असेल. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीचा ताप, म्हणजेच प्लेग, ओळखला. पुढच्या वर्षी तो पुण्यात पसरला; रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. घरे धुतली गेली, सामान जाळले गेले, माणसे विलगीकरणात नेली गेली. पण रोग कसा पसरतो हे कोणालाच ठाऊक नव्हते.

१८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने काचेच्या बरणीत पिसवा असलेला आजारी उंदीर ठेवला आणि निरोगी उंदीर जाळीच्या पिंजऱ्यात वर टांगला. दोघांचा स्पर्श होत नव्हता, तरी दुसऱ्यालाही प्लेग झाला. मधले अंतर ओलांडले ते पिसवेच्या उडीने. अनेकांनी हे मानले नाही. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या कामाने ते पक्के झाले. १९१४ मध्ये बॅकॉट आणि मार्टिन यांनी पुढचा दुवा दाखवला. पिसवेच्या जठराच्या तोंडाशी जंतूंचा बोळा बसतो, प्यायलेले रक्त आत जात नाही, भुकेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि जंतूंसह रक्त जखमेत परतते.

उंदीर मेला, की थंड होत चाललेले त्याचे अंग सोडून पिसवा जवळच्या माणसाकडे वळतात. त्यामुळे प्लेगच्या साथीत आधी पिसवा मारायच्या आणि मग उंदीर, हा क्रम चुकवून चालत नाही. घरच्या पिसवांनाही जागेवरच गाठावे लागते. जनावरावर पशुवैद्यांनी सांगितलेले औषध लावावे, त्याच दिवशी त्याचे अंथरूण गरम पाण्यात धुवावे, फटी आणि कोपरे झाडून घ्यावेत. कोश औषधालाही दाद देत नाहीत, म्हणून ही सफाई पुढचे काही आठवडे नेमाने चालू ठेवावी.