दुधाचे दात आणि फ्लोराइड



'दुधाचेच दात ते, पडावयाचेच आहेत!' हे वाक्य आपल्या कित्येक घरांतून आम्ही ऐकत आलो. परंतु मागच्या दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत टिकावयाच्या असतात. त्या अकाली काढल्या, तर शेजारचे दात सरकून कायमच्या दातांची वाट अडते.

कीड लागू नये म्हणून दंतवैद्य फ्लोराइडचे वार्निश लावतात. काम क्षणाचे, दुखत नाही. मात्र वर्षातून दोनदा तरी लावून घ्यावे. कीड लागलीच असेल, तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हा द्रव दात न कोरता ती बहुधा थोपवितो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली त्यास आवश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. त्यातील रुप्याने किडलेला भाग कायमचा काळा पडतो, आणि तेथेच आयाबाया नकार देतात. (वडीलधाऱ्यांची मिश्री मात्र खपते!) लहानग्यास भूल देऊन दाढा काढण्यापेक्षा तो काळा ठिपका काय वाईट?

घरी तीन वर्षांखालील मुलास फ्लोराइडयुक्त पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच, पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी द्यावी. चंद्रपूर-यवतमाळकडील कुटुंबांनी विहिरीचे व बोअरचे पाणी आधी तपासून घ्यावे. तिकडे अनेक गावी पाण्यातच फ्लोराइड अधिक असून त्याने दातांवर डाग पडतात.