अलंकरणामागचे व्याकरण



वाशीच्या शेजारच्या भूम तालुक्यात माणकेश्वरचे प्राचीन शिवमंदिर आहे. त्याच्या भिंतींवरील मूर्ती सारेच न्याहाळतात. परंतु भिंत इतक्या कोनांतून का वळते, हे क्वचितच कोणी विचारते. त्यामागे एक नियम आहे. एक चौरस घ्यावा, मध्यबिंदू न हलवता त्यावर दुसरा 45 अंशांत फिरवून मांडावा; आठ टोकांची तारका तयार होते. 22.5 अंशांच्या अंतराने चार चौरस मांडले की टोके सोळा होतात. तारकाकृती मंदिरांचे विधान अशा फिरत्या चौरसांतून सिद्ध होते.

शिखराचेही तसेच. शके 982, म्हणजे इ.स. 1060 चा शिलालेख असलेले अंबरनाथचे मंदिर आणि सिन्नरचे गोंदेश्वर ही भूमिज शैलीची उदाहरणे. या शैलीत चार दिशांना चार लता वर चढतात. त्यांच्या मधल्या भागांत छोट्या शिखरांच्या ओळी थराथराने लहान होत जातात. आकृती एकच, वैभव येते ते आवर्तनाने आणि प्रमाणाने. भोजराजाच्या नावे असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ ग्रंथात भूमिज प्रासादांवर स्वतंत्र अध्याय आहे. अ‍ॅडम हार्डी या ब्रिटिश अभ्यासकाने ग्रंथातील वर्णनांवरून मंदिराकृती रेखाटून दाखविल्या.

मोजके आकार आणि ते बदलण्याचे नियम दिले की असंख्य रचना निर्माण होतात, हा विचार जॉर्ज स्टायनी व जेम्स गिप्स यांनी 1972 मध्ये ‘आकृतींचे व्याकरण’ म्हणून मांडला. आज संगणक त्याच मार्गाने जाळ्या, छते, दर्शनी भिंती रचतो. आपल्या पूर्वजांपाशी संगणक होता, असा दावा करण्याचे कारण नाही. त्यांच्यापाशी नियम होता, हे सप्रमाण सांगता येते. अभिमानाला तेवढा आधार पुरेसा आहे.

मात्र आज जीर्णोद्धाराच्या उत्साहात अनेक गावांत जुने दगड उतरवून साच्यातील सिमेंटची नक्षी बसविली जाते. भाव शुद्ध असतो. पण दगडांबरोबर मापेही नाहीशी होतात. मापे नसतील तर संगणक नियम कशातून शोधणार? म्हणून देवस्थान समित्यांनी दगड हलविण्यापूर्वी जाणकारांकडून मोजमाप करवून घ्यावे, नकाशा आणि छायाचित्रे गावात जपून ठेवावीत. व्याकरण हाती राहिले, तर उद्याचा स्थपती जुन्याची नक्कल न करता त्याच परंपरेतील नवे मंदिर रचू शकेल.