सणसरच्या मुक्कामाचा दुसरा दिवस

(सेवामंडळांतील तरुण कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



श्री तुकाराम महाराजांची पालखी बारामती सोडते, काटेवाडीला धोतरांच्या पायघड्यांवरून पुढे जाते, मेंढ्यांचे रिंगण होते आणि सायंकाळी ती सणसरच्या मुक्कामी येऊन पोहोचते. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली हा पालखी सोहळा सुरू केला. त्याच्या वाटेवर वसलेल्या गावांना वारकऱ्यांच्या सेवेची सवय पिढ्यानपिढ्यांची आहे. कोणत्याही क्लबाच्या घटनेत ती लिहिलेली नाही.

त्या एका रात्रीपुरते इंदापूर तालुक्यातील हे गाव शहर बनते. घरोघर भाकऱ्यांच्या चळती रचल्या जातात, चुलवणावर पिठले रटरटते, पाण्याच्या टँकरमध्ये टीसीएल पावडर पडते. कोणी वारकऱ्याच्या पायाच्या फोडांना मलम लावतो, कोणी तेलाने पोटऱ्या चोळतो, कोणी तुटलेली वहाण शिवून देतो आणि पैसे घेत नाही. गावची तरुण मंडळे, बचत गटांच्या भगिनी, डॉक्टर-औषधविक्रेत्यांच्या संघटना, तालुक्याच्या ठिकाणचे सेवा क्लब, १९६९ पासून महाविद्यालयांत रुजलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी, अशा नाना प्रकारच्या संस्था पालखीच्या वाटेवर राबताना दिसतात. कोण कोणत्या जातीचा, हा प्रश्न त्या रात्री सहसा विचारला जात नाही. वर्षाच्या उरलेल्या रात्रींबद्दल तेवढ्याच खात्रीने बोलता येणार नाही, हे मात्र नमूद करून ठेवले पाहिजे.

या सेवेची टवाळी करणारे लोक डाव्या चळवळीत कमी नाहीत. ‘ही सारी मलमपट्टी आहे, रोग तसाच राहतो,’ असे ते म्हणतात. त्यांनी एकदा फोड आलेल्या पायाने वीस किलोमीटर चालून पाहावे. मलमपट्टीचे मोल मग कळेल. सेवेची निंदा करून कोणतीही चळवळ मोठी झालेली नाही. परंतु सेवा करणाऱ्यांनाही एक प्रश्न विचारणे भाग आहे, आणि तो मुक्कामाच्या रात्रीचा नसून दुसऱ्या दिवसाचा आहे.

दुसऱ्या दिवशी पालखी बेलवाडीच्या रिंगणाकडे निघून जाते. मागे उरतात पत्रावळी, द्रोण, प्लॅस्टिकचे पेले, केळीच्या साली आणि पावसाने झालेला चिखल. मुक्कामाच्या कोणत्याही गावी हेच दृश्य. आदल्या सायंकाळी केळी वाटताना ज्यांची छायाचित्रे निघाली ते कार्यकर्ते या वेळी कोठे असतात? जे थांबतात, त्यांना नमस्कार करावा. पण त्यांची संख्या केळी वाटणाऱ्यांहून फार कमी असते. झाडू हाती घेतात ते बहुधा ग्रामपंचायतीचे सफाई कामगार, आणि कंत्राटदाराने रोजावर आणलेली माणसे. २०१५ पासून ‘निर्मल वारी’च्या उपक्रमात मुक्कामाच्या गावी फिरती शौचालये उभी राहू लागली. हे पाऊल खरोखर मोलाचे, विशेषतः वारीतील स्त्रियांसाठी. अंधार पडेपर्यंत स्वतःला आवरून धरणे ही काय यातना असते, हे त्यांच्याखेरीज कोणास कळणार? पण त्या शौचालयाची टाकी भरल्यावर तिच्यापाशी कोण उभा राहतो, त्याच्या हाती मोजे आणि पायी बूट असतात का, त्याला दिवसाची मजुरी किती मिळते, हे विचारणारा कार्यकर्ता विरळा. हाताने मैला साफ करून घेण्यास मनाई करणारा कायदा २०१३ साली झाला. तो पाळला जातो की नाही, हे पाहणे हीही वारकऱ्यांचीच सेवा होय.

गाडगेबाबांना हा दुसरा दिवस ठाऊक होता. किंबहुना त्यांनी क्रमच उलटा केला होता. गावात शिरले की प्रथम झाडू, रस्ते लख्ख झाल्यावर रात्री कीर्तन. भाकरी घ्यायची तीही काम केल्यावर. आज बाबांच्या नावाने अभियाने निघतात, झाडू नवे कोरे असतात, आणि छायाचित्रापुरता रस्ता आधीच कोणीतरी झाडून ठेवलेला असतो. बाबांनी हे पाहिले असते तर त्या रात्रीच्या कीर्तनाला विषय शोधावा लागला नसता.

सेवा क्लबांचा इतिहासही त्यांच्या सभासदांनी नीट वाचावा असा आहे. १९०५ या एकाच सालात जगाच्या दोन टोकांना दोन संस्था जन्मल्या. फेब्रुवारीत शिकागोत पॉल हॅरिस आणि त्यांच्या तीन मित्रांनी रोटरी क्लब काढला. जूनमध्ये पुण्यात नामदार गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापला. एक व्यापारी-व्यावसायिकांच्या स्नेहातून निघाली, दुसरी देशासाठी आजन्म वाहून घेण्याच्या शपथेतून. त्यांची तुलना करण्याचे कारण नाही. परंतु रोटरीचे पहिले ठळक लोकोपयोगी काम कोणते, हे आज फारसे सांगितले जात नाही. ते होते शिकागो शहरात सार्वजनिक शौचालये उभारण्याचे. १९०७ साली त्या क्लबाने हा प्रश्न हाती घेतला आणि नगर प्रशासनाला त्यात ओढले. शौचालय बांधणे हे नगराचे कर्तव्य आहे, ही गोष्ट त्यांनी मान्य करून घेतली. क्लबाने काय दिले यापेक्षा क्लबाने कोणाला द्यावयास लावले, हे तेथे महत्त्वाचे ठरले.

पुढे पोलिओच्या कामातही हेच घडले. रोटरीने १९८५ साली पोलिओ निर्मूलनाची जागतिक मोहीम उघडली. भारतातील अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. हे यश क्लबाच्या निधीचे होते, तितकेच सरकारी आरोग्ययंत्रणेचे, परिचारिकांचे आणि अंगणवाडी सेविकांचे होते. या मोहिमेत घरोघर जाऊन खडूने खुणा केल्या गेल्या. घर नसलेल्यांचीही मोजदाद झाली: वीटभट्ट्या, बांधकामे, भटक्यांचे तळ, ऊसतोड कामगारांच्या कोप्या. दोन थेंबांसाठी ज्या मुलाला शोधून काढता येते, त्याच मुलाला शाळेसाठी शोधणे अशक्य कसे होते?

हा प्रश्न सणसरला विचारण्याचे विशेष कारण आहे. गावाला लागूनच भवानीनगर आहे, तेथे श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा वाहू लागला आणि या दुष्काळी पट्ट्याचा एक भाग हिरवा झाला. पाण्यामागून ऊस आला, उसामागून कारखाने, आणि कारखान्यांमागून दरवर्षी बीड-अहिल्यानगरकडची माणसे येतात. वारकरी एक रात्र राहतो, ऊसतोड कामगार चार-पाच महिने राहतो. वारकऱ्यासाठी गाव दारे उघडते. कोयता मात्र गावाबाहेरच थांबतो.

‘कोयता’ हा शब्दही ध्यानात घेण्याजोगा आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाने उचल दिली ती कोयत्याला, हिशेब झाला तो कोयत्याचा. त्या हिशेबात बाई स्वतंत्र माणूस म्हणून दिसत नाही. पहाटेच्या काळोखात ती फडात जाते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, परत येऊन चूल पेटवते. पाळी आली म्हणून खाडा केला तर दंड पडतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण पाहून २०१९ साली राज्याला चौकशी समिती नेमावी लागली. समितीने काय सांगितले, हे सेवामंडळांच्या बैठकीत किती वेळा वाचले गेले?

कोप्यांवर सेवाकार्य होत नाही असे नाही. संक्रांतीला तिळगूळ जातो, थंडीत ब्लँकेटे जातात, एखाद्या नेत्याच्या वाढदिवसाला फळे जातात. ब्लँकेटाची ऊब खोटी नसते. पोराला ती मिळालीच पाहिजे. परंतु ब्लँकेट देताना त्या पोराचे नाव कोणी विचारले का, ते कितवीत होते, शाळा कधी सुटली, याची वही कोणी केली का? १९९० च्या दशकात काही कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या. स्वयंसेवी संस्थांनी ते काम जिद्दीने केले. पुढे २००९ चा शिक्षणहक्क कायदा आला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्या कायद्याप्रमाणे मूल वर्षाच्या मध्येच आले, दाखला आणला नाही, तरीही जवळच्या शाळेने त्याला वयानुरूप वर्गात घेतले पाहिजे. हक्क कागदावर आला. कोपीपासून शाळेपर्यंतचे अंतर मात्र कागदाने कमी होत नाही. ते कमी होते कोणीतरी त्या मुलाचा हात धरून चालू लागल्याने. मुख्याध्यापक ‘मार्चनंतर ही मुले जाणारच’ असे म्हणाले तर त्यांच्यापुढे नम्रपणे कायद्याचे कलम ठेवणारा, आणि घरी धाकट्या भावंडाला कोण सांभाळणार म्हणून मुलगी मागे राहत असेल तर अंगणवाडीचे दार ठोठावणारा, असा स्वयंसेवक तेथे हवा आहे. त्याच्या कामाचे छायाचित्र चांगले निघत नाही, ही त्यातली अडचण.

रेशनचेही तसेच. कार्ड गावी असले तरी धान्य दुसरीकडे उचलता येते, अशी सोय झालेली आहे. किती कोयत्यांना ती ठाऊक आहे, आणि दुकानदाराने यंत्र बंद असल्याचे सांगितले तर तालुक्याला तक्रार कोण लिहितो? फळांची एक टोपली वाटायला अर्धा तास पुरतो. एका कुटुंबाचे धान्य सुरू करून द्यायला कदाचित आठ हेलपाटे पडतील. ती टोपली गोड खरी, पण दुसऱ्या दिवशी संपते.

२०२० साली पालखी पायी निघालीच नाही. साथीमुळे पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. मुक्कामाची गावे त्या आषाढात सुनी होती. पण त्याआधीच्या चैत्रात साऱ्या ऊसपट्ट्यात कोप्या भरलेल्या होत्या. टाळेबंदी झाली तेव्हा हजारो ऊसतोड कामगार कारखान्यांच्या परिसरात अडकून पडले, आणि एप्रिलच्या मध्यानंतर शासनाने त्यांना गावी परतण्याची परवानगी दिली. त्या दिवसांत सेवामंडळांनी अनेक ठिकाणी शिधा पोहोचविला, ही गोष्ट कृतज्ञतेने सांगितली पाहिजे. ते कामगार पुढच्या हंगामात पुन्हा आले. शिधा वाटणाऱ्यांपैकी किती जण पुन्हा कोपीवर गेले, हे ज्याचे त्याने आठवावे.

येथे पुण्याचे एक उदाहरण उपयोगी पडेल. बाबा आढावांच्या पुढाकाराने हमाल पंचायतीने १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. शहरात अन्नछत्रे होती, दानशूर मंडळीही होती. पण हमालांनी कोणाच्या दारी पंगतीला बसायचे नाकारले. स्वतःच्या संघटनेचे स्वयंपाकघर काढले, परवडेल अशा किमतीत भाजी-भाकरी ठेवली, आणि पैसे मोजून ताठ मानेने जेवण्याची सोय केली. अन्नदान आणि कष्टाची भाकर यांत ताटातील पदार्थांचा भेद नाही. भेद आहे तो ताटामागच्या माणसाच्या मानेत.

आता दुसऱ्या बाजूची गोष्ट. पक्षाचे कार्यकर्ते मोर्चे काढतात, निवेदने देतात, आणि सेवेचे काम क्लबांवर व देवस्थानांवर सोडून मोकळे होतात. ही विभागणी चळवळीच्या जुन्या माणसांना मान्य नव्हती. १९४१ साली एस. एम. जोशींच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दल नव्याने उभे राहिले, तेव्हा शाखेवर कवायतही होती, श्रमदानही होते आणि जातिभेदाविरुद्धची शपथही होती. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरला उपोषण केले ते विठ्ठलाचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून. त्याआधी त्यांनी गावोगाव दौरा काढून लोकांची मने आणि गावची मंदिरे उघडण्याचा प्रयत्न केला होता. वारकऱ्याच्या पायांना तेल लावणारा हात आणि मंदिराचे दार ढकलणारा हात एकाच माणसाचे असू शकतात, हे त्या काळी कोणाला पटवून द्यावे लागत नव्हते.

चिकाटीचा प्रश्नही येथेच येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मदतीचे ट्रक इतके आले की रस्ते अडले. काही आठवड्यांनी ट्रक थांबले. पन्नालाल सुराणा आणि सेवा दलाचे सहकारी मात्र थांबले नाहीत. निराधार झालेल्या मुलांसाठी त्यांनी नळदुर्गला ‘आपलं घर’ उभे केले. मुलाला मोठे व्हायला पंधरा-वीस वर्षे लागतात, एवढा साधा हिशेब त्यामागे होता.

सणसरसारख्या गावी सेवामंडळ चालविणाऱ्यांना वेगळा कार्यक्रम देण्याची गरज नाही. पालखीच्या नियोजनात ते जे करतात, त्यातच सारे आहे. मुक्कामाआधी ते बैठक घेतात, कोणत्या दिंडीला कोठे जागा, पाणी कोठून, दिवे कोठे, आजारी माणूस कोणाकडे न्यायचा, याची यादी करतात, ग्रामपंचायत, आरोग्य केंद्र आणि तहसील यांच्यामागे लागतात, आणि काम झाल्याशिवाय सोडत नाहीत. गाळप हंगाम सुरू होण्याच्या सुमारास अशीच एक बैठक व्हावी. कोप्या कोठे पडणार, पाण्याची टाकी कोठे, स्त्रियांसाठी आडोसा आणि शौचालय कोणी बांधायचे, सहा ते चौदा वयाची मुले किती, गरोदर बायका किती, याची यादी व्हावी. आणि ती ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी. यादीत ‘कोयता’ असा शब्द न लिहिता नवऱ्याचे नाव एका ओळीत आणि बायकोचे नाव दुसऱ्या ओळीत लिहावे. कारखाना, मुकादम, पंचायत आणि शासन यांपैकी कोणी काय द्यायचे, ते त्यांच्या नावासमोर मांडावे. जो देणार नाही त्याच्या दारी पुन्हा जावे. पुढील वर्षी तीच वही उघडावी आणि गेल्या वर्षीचे कोणते मूल आले, कोणते आले नाही, ते त्याच्या आईला विचारावे.