रंगकामाचं अंदाजपत्रक : आधी आपला रोज लिहा
(प्रभागसंघाच्या सभेत रंगकाम करणाऱ्या गटांपुढे केलेलं भाषण)



दसरा-दिवाळी जवळ आली की लोक दारातच विचारतात, "ताई, एका खोलीचे किती घ्याल?" आणि आपण उभ्या उभ्या आकडा सांगून मोकळ्या होतो. तसं करू नका. टेप लावल्याशिवाय आकडा सांगायचा नाही. "बघून उद्या लिहून देते," म्हणायचं.

समजा खोली 10 बाय 12 ची, उंची 10 फूट. चारी भिंतींची लांबी मिळून 44 फूट. त्याला उंचीने गुणलं की 440 चौरस फूट. वरचा स्लॅब 120. एकूण 560. त्यातून 7 बाय 3 चं दार आणि 4 बाय 4 ची खिडकी वजा केली, उरले 523. आपल्या पोरी पाचवीत करतात तेच गणित आहे हे.

मग भिंतीवरून हात फिरवा. पोपडे किती, भेगा किती, खाली ओल आहे का? ओल असेल तर कागदावर स्पष्ट लिहा, की ती आधी मालकाने दुरुस्त करून द्यायची. नाहीतर पावसाळ्यात फुगलेल्या रंगाचं खापर आपल्यावर फुटतं. जुना ऑइलपेंट असेल तर आणखी जपा. रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, पण त्याआधीच्या रंगात शिसं जास्त असू शकतं. असा रंग कोरडा घासायचा नाही. पाणी मारून, तोंडाला मास्क लावून घासायचा आणि लेकरांना लांब ठेवायचं. याला वेळ लागतो, तो वेळही हिशोबात धरायचा.

आता मुख्य गोष्ट, मजुरी. खरवडून लांबी भरणं, ती वाळल्यावर घासणं, मग प्रायमर, मग रंगाचे दोन हात. दोघींना चार दिवस धरा, म्हणजे आठ रोज. तुमच्या गावात पुरुष रंगाऱ्याला जो रोज मिळतो तोच लिहा. समजा 700. झाले 5600. चौरस फुटाला पावणेअकरा रुपयांच्या आसपास पडले.

इथे मालक म्हणतो, "बायकाच तर आहात, सात रुपयांत करा." सातने 3661 होतात. आठ रोजांत वाटले तर एकीला रोजाचे साडेचारशेच्या आसपास. म्हणजे रोजामागे अडीचशे रुपये आपण फुकट दिले! भिंत काही बाई बघून लहान होत नाही. बजेटच कमी असेल तर काम कमी करा, रोज नाही. स्लॅबला लांबी नको, पाहिजे तर एक खोली पुढच्या वर्षी.

साहित्य मजुरीत मिसळू नका, वेगळं लिहा. एका लिटरमध्ये किती चौरस फूट होतात ते डब्यावर असतं, पण ते गुळगुळीत भिंतीचं. आपल्याकडच्या खडबडीत भिंती रंग पितात, म्हणून थोडा जास्त धरा. नव्या गटांनी तर साहित्य मालकालाच आणायला सांगावं असं माझं मत आहे. गटाचं कर्ज काढून दुसऱ्याच्या घरचे डबे कशाला भरायचे? फक्त कोणता रंग, किती लिटर, ते आपण लिहून द्यायचं.

खाली लिहा : दार, खिडकी, ग्रील यात धरलेलं नाही. सामान मालकाने हलवायचं. हा दर पंधरा दिवसांपुरता. पैसे तीन टप्प्यांत, सुरुवातीला, प्रायमर झाल्यावर आणि काम संपल्यावर. दोन प्रती, दोन्हींवर दोघांच्या सह्या.

"घरच्याच माणसांत कागद कशाला, वहिनी?" असं कोणी म्हणेलच. त्यांना सांगा, गटाच्या रजिस्टरला लावायचा आहे. हे खोटंही नाही, लावायचाच आहे.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने आपल्याच एका घराची खोली मोजून कागद करून आणा. आकडे जुळवायला मी बसते.