हसू कुठून येते?



विषय हलका आहे, परंतु प्रश्न खरा आहे. ‘अशी ही बनवाबनवी’ पाहून पोट धरून हसलेला माणूस दुसऱ्या दिवशी विचारतो, “आता असाच दुसरा कोणता पाहू?” या ‘असाच’चा उलगडा आधी झाला पाहिजे, नाहीतर संध्याकाळ जाते आणि हसू येत नाही.

निवडीच्या वाटा तीन. पहिली चेहऱ्यांची. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे आहेत ना, मग चला! वाट सोपी, पण बेभरवशाची. नट तोच असला, तरी त्याच्या तोंडी शब्द घालणारा निराळा असू शकतो. त्यापेक्षा लेखकाचा माग काढावा. ‘बनवाबनवी’ (१९८८) लिहिली वसंत सबनिसांनी. ‘सोंगाड्या’ (१९७१) हाही त्यांच्याच लेखणीचा. तेथे नट दादा कोंडके, बाज तमाशाचा. पण साध्या बोलण्यातून हशा पिकवण्याची हातोटी तीच.

दुसरी वाट युक्तीची. पुरुषाने लुगडे नेसले की हसू येते, अशी समजूत आहे. बिली वाइल्डरच्या ‘सम लाइक इट हॉट’मध्ये (१९५९) दोन वादक शिकागोतील गुंडांनी केलेले खून पाहतात आणि जीव वाचवण्यासाठी बायकांचे सोंग घेऊन बायकांच्याच वाद्यवृंदात शिरतात. तेथे सोंगामागे मरणाची भीती आहे, म्हणून प्रत्येक फजिती आपल्याला खरी वाटते. जेथे सोंगामागे काहीच अडलेले नसते, तेथे उरते ती स्त्रीच्या चालण्या-बोलण्याची टवाळी. मग आपण हसतो आणि शेजारी बसलेली आपलीच मुलगी गप्प होते. करमणूक निवडताना ही गोष्ट क्षुल्लक मानू नये.

म्हणून आम्हांला तिसरी वाट अधिक भरवशाची वाटते. ती गरजेची. ‘बनवाबनवी’तील चौघांना पुण्यात जागा हवी आहे आणि घरमालकीण जोडप्यांनाच जागा देते. हसू उगवते ते या अडचणीतून. लुगडे मागाहून येते. घराची हीच ओढाताण राजा ठाकुरांच्या ‘मुंबईचा जावई’त (१९७०) आहे. तेथे कोणी सोंग घेत नाही. चाळीतल्या भरल्या घरात नव्या जोडप्याला एकांत मिळत नाही, एवढेच. तरीही हा चित्रपट ‘बनवाबनवी’चा जवळचा नातलग आहे. घराच्या जागी नोकरी ठेवा, म्हणजे हृषीकेश मुखर्जींचा ‘गोलमाल’ (१९७९) लागतो. मालकाचा मिशीवर भरवसा, म्हणून अमोल पालेकरला बिनमिशीचा जुळा भाऊ निर्माण करावा लागतो!

मुखर्जींचाच ‘बीवी और मकान’ (१९६६) हे ‘बनवाबनवी’चे मूळ. तो अवश्य पाहावा, पण लगेच नव्हे. कथा ताजी असताना पाहिला, तर आपण हसण्याऐवजी फरक मोजत बसतो. मध्ये चार-सहा महिने जाऊ द्यावेत.

तेव्हा श्रोतेहो, आवडलेला चित्रपट संपला की स्वतःला एकच विचारावे: या माणसांचे नेमके काय अडले होते? तशीच अडचण जेथे असेल, तेथे पुढचे तिकीट काढावे, मग नट अनोळखी का असेना. हल्ली चित्रपट घरबसल्या हवे तेवढे मिळतात. तोटा चित्रपटांचा नाही. घरातल्या सर्वांना एकत्र हसता येईल अशा संध्याकाळींचा आहे. त्या वाढाव्यात, एवढीच इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.