आहारातील तंतू आणि आतड्याचा कर्करोग

जबलपूरच्या बाजारात हिवाळ्यात हिरव्या वाटाण्याचे ढीग लागतात. पलीकडे मंडला-दिंडोरीचे शेतकरी कोदो-कुटकी पिकवितात. जबलपूर येथे १९६४ साली स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयात या पिकांवर संशोधन चालते. आता प्रश्न असा की, या साध्या अन्नाचा आतड्याच्या कर्करोगाशी संबंध काय?

धान्याच्या कोंड्यातील व कडधान्यांच्या सालीतील तंतू लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातील जिवाणू त्यांचा काही भाग आंबवितात आणि ब्युटिरिक आम्ल निर्माण होते. आतड्याच्या अस्तरातील पेशींचे ते मुख्य इंधन होय. प्रयोगशाळेत ते कर्कपेशींची वाढ रोखते. ग्रामीण आफ्रिकेत हा रोग विरळा का, याचे उत्तर डेनिस बर्किट या शल्यविशारदाने १९७१ साली तंतुमय आहारात शोधले.

परंतु अनुमान म्हणजे सिद्धता नव्हे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत अशा आहाराने चार वर्षांत आतड्यातील गाठींची पुनरुत्पत्ती कमी झाली नाही. वनस्पतींतील द्रव्ये गोळीत भरून घेणे तर प्रसंगी घातकही ठरते : फिनलंडमधील १९९४ च्या चाचणीत बीटा-कॅरोटीन घेणाऱ्या धूम्रपानी पुरुषांत फुप्फुसाचा कर्करोग उलट वाढला.

तात्पर्य, ताटात कोदो व वाटाणा अवश्य असावा. मात्र शौचावाटे रक्त पडू लागल्यास पथ्यावर विसंबून न राहता त्वरित तपासणी करून घ्यावी.